पदक होतं, वही नव्हती: हायडेलबर्ग १९७२

(डोंबिवली पूर्वेला झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? ठीक. रविवार आहे, मेगाब्लॉक आहे, काही जण अजून ठाण्याच्या पुढेमागे कुठेतरी अडकलेले असतील. ते येतील तसे येतील. आपण सुरुवात करू.

आधी एक कबुली देतो. मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सामान्यज्ञानाची परीक्षा असायची, तिचा पेपर काढणं माझ्याकडे असायचं. बीजिंग ऑलिंपिकनंतरच्या एका वर्षी मी प्रश्न घातला होता: भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक कोणी मिळवून दिलं? अपेक्षित उत्तर अभिनव बिंद्रा, २००८. एक गुण. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. एका मुलाने लिहिलं, मुरलीकांत पेटकर. मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढे गेलो. मुलगा पेपर घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, माझा मामा पुण्याला टेल्कोत होता, तो सांगतो हे त्यांच्या कंपनीतले, त्यांनी पोहण्यात सुवर्ण मिळवलंय." मी म्हटलं, "बाळ, कंपनीच्या स्पर्धा वेगळ्या आणि ऑलिंपिक वेगळं." वर्ग हसला. मुलगा जागेवर जाऊन बसला.

त्या वेळी मला पेटकर हे नाव माहीत नव्हतं. इतिहासाच्या शिक्षकाला, आणि तेही महाराष्ट्रातल्या. आजचं व्याख्यान त्या एका गुणाबद्दल आहे असं समजा. मला माहीत नव्हतं यात माझा आळस किती आणि माहीत होण्याची सोयच नव्हती हे किती, याचा हिशोब मला मांडायचाय.

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा. गाव सांगली जिल्ह्यातलं, इस्लामपूरजवळचं पेठ. इस्लामपूर म्हटलं की कराड लांब नाही, आणि कराड म्हटलं की गोळेश्वर आलं, म्हणजे खाशाबा जाधव आले. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या पट्ट्यातल्या पोरांच्या कानावर ही गोष्ट लहानपणापासून पडायची. खाशाबांच्या प्रवासासाठी लोकवर्गणी झाली, कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते लक्षात ठेवा, कारण खेळाडूला परदेशी पाठवायचं तर पैसे कुणाच्या तरी घरातून यायचे, ही गोष्ट पुढेही येणार आहे.

पेटकर लहान वयात सैन्यात गेले. ईएमई, म्हणजे लष्कराची यंत्रं, गाड्या, उपकरणं दुरुस्त करणारी शाखा, त्यात क्राफ्ट्समन. खेळ म्हणाल तर मुष्टियुद्ध. १९६४ साली टोकियोत सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते उतरले. त्याच वर्षी त्याच टोकियोत नोव्हेंबरमध्ये व्हीलचेअरवरच्या खेळाडूंच्याही स्पर्धा झाल्या. पेटकरांचा त्याच्याशी तेव्हा संबंध असण्याचं कारण नव्हतं. धडधाकट, विशीतला बॉक्सर.

वर्षभरात १९६५ चं युद्ध आलं. त्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात रुतून राहिली असं ते मुलाखतींमध्ये सांगत आलेत. कमरेखालचं शरीर गेलं. मग लांबलचक रुग्णालय. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, तिथे उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात सोडलं गेलं. स्नायूंना व्यायाम व्हावा, एवढाच हेतू. पोहणं इथून सुरू झालं.

इथे जरा थांबू, कारण याच सुमारास इंग्लंडमध्ये काय चाललं होतं ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

लुडविग गुटमन हे नाव लिहून घ्या. जर्मन ज्यू, मज्जासंस्थेचे डॉक्टर. नाझींमुळे १९३९ साली देश सोडून इंग्लंडला आले. १९४४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना स्टोक मँडव्हिल या गावच्या रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचा विभाग काढून दिला. तोपर्यंत कण्याला मार लागलेल्या सैनिकाचं काय व्हायचं? मरायचा. काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत. इजेने नाही, तर पडून पडून पाठीला झालेल्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. गुटमननी साधी गोष्ट केली: रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर हे किती कष्टाचं काम आहे ते तुम्हाला सांगायला नको. आणि दुसरी गोष्ट, रुग्ण जगायला लागले तेव्हा त्यांना खेळायला लावलं.

२९ जुलै १९४८. त्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी गुटमननी रुग्णालयाच्या हिरवळीवर तिरंदाजीची स्पर्धा घेतली. १६ स्पर्धक, १४ पुरुष आणि २ स्त्रिया, सगळे व्हीलचेअरवर. तारीख मुद्दाम निवडली होती. १९५२ ला नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० ला रोममध्ये, ऑलिंपिकपाठोपाठ, २३ देश आणि सुमारे ४०० खेळाडू. आज त्यालाच पहिलं पॅरालिंपिक म्हणतात.

आज म्हणतात. तेव्हा हा शब्द बोलण्यात होता, अधिकृत नव्हता. अधिकृत नाव स्टोक मँडव्हिल आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा, म्हणजे एका रुग्णालयाच्या नावाने. चालवणारे कोण? डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, पुनर्वसनवाले. भाग कुणी घ्यायचा? ज्यांच्या कण्याला इजा आहे किंवा पोलिओसारख्या आजाराने तसं लुळेपण आलंय, त्यांनी. हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसाला १९७२ पर्यंत यात प्रवेश नव्हता. अंध व्यक्तींना नव्हता, हायडेलबर्गला त्यांचे काही खेळ नुसते प्रदर्शनासाठी झाले. दोघांचाही रीतसर समावेश १९७६ ला टोरोंटोत झाला. समजा, पेटकरांच्या युनिटमधल्या एखाद्या जवानाचा सुरुंगात पाय गेला असता आणि तो त्यांच्यापेक्षा चांगला पोहत असता, तरी त्याला १९७२ ला जाता आलं नसतं. कुठल्या जखमेला खेळ आहे आणि कुठल्या जखमेला नाही, हे त्या वेळी असं ठरत होतं.

आता तेल अवीव, १९६८. ही स्पर्धा खरं म्हणजे मेक्सिकोला व्हायची, ऑलिंपिकच्या शहरात. मेक्सिकोने नकार दिला. मग इस्रायल पुढे आला, त्यांच्या स्थापनेला वीस वर्षं होत होती. ३० लाखांच्या आतली लोकसंख्या असलेला देश, त्याने सगळा घाट घातला. आणि भारताने पहिल्यांदाच संघ पाठवला. १० जण, ८ पुरुष, २ स्त्रिया.

आपण स्वतःला मोठा देश म्हणतो. १९७१ च्या जनगणनेत आपण ५४ कोटींच्या वर होतो. पण या मैदानावर आपण छोटा देश होतो, अगदी चिमुकला. दहा जणांचं पथक, मागे क्रीडा संघटना नाही, आणि त्यातही बहुतेक जण पहिल्यांदाच असं काही बघत असणार. पेटकर तिथे टेबल टेनिस खेळले. पहिली फेरी जिंकली, पुढे हरले.

यांना पाठवलं कुणी? इथे एक नाव येतं ज्याची तुमच्यातल्या ज्येष्ठांना रविवारची आठवण असेल, विविध भारतीवरचा त्यांचा कार्यक्रम. विजय मर्चंट. क्रिकेटपटू विजय मर्चंट निवृत्तीनंतर अपंगांच्या कामात पडले होते, आणि ते चालवत असलेल्या संस्थेमार्फत पेटकरांच्या तिकिटांचा आणि इतर खर्चाचा भार उचलला गेला. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं त्याला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षांत फरक एवढाच पडला की प्राचार्यांच्या जागी एक क्रिकेटपटू आला.

मला मर्चंटांबद्दल फार आदर आहे. पण दानावर चाललेल्या गोष्टीचं दप्तर दात्याकडे राहतं, हे इतिहासवाल्याने विसरू नये. पुढे हेच नडलं.

१९७० ला एडिंबरोमध्ये राष्ट्रकुल देशांच्या अशाच स्पर्धा झाल्या, तिथे पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवलं. आणि मग हायडेलबर्ग.

हायडेलबर्ग का, म्युनिक का नाही? १९७२ चं ऑलिंपिक तर म्युनिकला होतं. तर झालं असं की म्युनिकच्या ऑलिंपिक व्हिलेजमधली घरं स्पर्धा संपली की खासगी सदनिका म्हणून द्यायची होती. तयारी लगेच सुरू करायची, त्यामुळे व्हीलचेअरवरच्या खेळाडूंना जागा नाही. डोंबिवलीकरांना बिल्डर, ताबा आणि मुदत या विषयावर मी काय सांगणार! (हशा) तेव्हा स्पर्धा हायडेलबर्ग विद्यापीठाकडे गेली. २ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान यांनी उद्घाटन केलं, ११ ऑगस्टला स्पर्धा संपली. चाळीसच्या वर देश, हजाराच्या आसपास खेळाडू. जर्मनीत तिचं नाव होतं 'लुळेपण आलेल्यांचे जागतिक खेळ', अशा अर्थाचं.

एक दुरुस्ती इथेच करून टाकतो. तुम्ही वर्तमानपत्रांत, व्हॉट्सअॅपवर वाचाल की पेटकरांनी 'म्युनिकमध्ये' पदक जिंकलं, आणि मग लगेच इस्रायली खेळाडूंवरच्या हल्ल्याचं वर्णन येतं. तारखा बघा. हायडेलबर्ग ११ ऑगस्टला आटोपलं. म्युनिक ऑलिंपिक सुरू झालं २६ ऑगस्टला. हल्ला झाला ५ सप्टेंबरला. दोन्ही गावांत तीनेकशे किलोमीटरचं अंतर. दोन घटना एकमेकींत मिसळल्या कारण हायडेलबर्ग कुणाला माहीतच नव्हतं, म्युनिक सगळ्यांना माहीत होतं. माहीत नसलेली गोष्ट माहीत असलेल्या गोष्टीच्या खुंटीला टांगली जाते. आपल्या किल्ल्यांच्या कथांतही हेच होतं, पण तो वेगळा विषय.

तर तलाव. ५० मीटर फ्रीस्टाइल, वर्ग ३. हा 'वर्ग ३' म्हणजे काय? कण्याला इजा जितकी वर, तितका शरीरावरचा ताबा कमी. मानेशी इजा असेल तर हातही गेले. छातीच्या वरच्या भागात असेल तर हात आहेत, पण पोटापाठीचे स्नायू नाहीत, बसायला आधार लागतो. कमरेशी असेल तर धड शाबूत. त्याप्रमाणे खेळाडूंचे वर्ग पाडायचे, डॉक्टर तपासून ठरवणार. वर्ग ३ हा यातला साधारण मधला. हात पूर्ण, धड अर्धंमुर्धं, पाय नाहीत.

आता पोहणाऱ्यांनी विचार करा. आपल्या क्रीडासंकुलाच्या तलावावर जाणारे इथे असतील. फ्रीस्टाइलमध्ये पाय मारतो ते पुढे जायला जेवढं, त्याहून जास्त शरीर आडवं ठेवायला. पाय थांबले की ते बुडतात, कंबर खाली जाते, आणि तुम्ही पाणी कापण्याऐवजी पाणी ढकलायला लागता. हवं तर पुढच्या वेळी गुडघ्यांत फळी धरून एक फेरी मारून बघा. त्यातही तुमची कंबर तुमचं ऐकत असते. ज्याची ऐकत नाही त्याने ५० मीटर निव्वळ खांद्यांवर ओढून न्यायचं. बॉक्सरचे खांदे होते, ते इथे कामी आले असणार, हा माझा अंदाज.

वेळ: ३७.३३ सेकंद. सुवर्ण, आणि त्या वर्गातला जागतिक विक्रम. शिवाय भालाफेक, अचूक भालाफेक आणि व्हीलचेअर स्लालम, म्हणजे अडथळ्यांतून वळणं घेत खुर्ची पळवणं, या तिन्हींत ते अंतिम फेरीत होते.

भारताचं पॅरालिंपिकमधलं हे पहिलं पदक, आणि तेच सुवर्ण. पुढचं सुवर्ण यायला ३२ वर्षं लागली.

मग पेटकर परत आले आणि काय झालं? टेल्कोत कामावर राहिले. टाटांकडून मदतीची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी पैसे नकोत, काम द्या म्हटलं, असं ते सांगतात. अनेक वर्षं पुण्यात नोकरी केली, निवृत्त झाले. माझ्या विद्यार्थ्याचा मामा त्यांना तिथलाच म्हणून ओळखत होता. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ साली केलेला अर्ज नाकारला गेला, हे त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक सगळे नोंदवतात. पद्मश्री २०१८ साली मिळाली, हायडेलबर्गला ४६ वर्षं झाल्यावर. २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्यावरचा हिंदी सिनेमा आला, चंदू चॅम्पियन. आणि अर्जुन, जीवनगौरव म्हणून, २०२५ च्या जानेवारीत. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

या क्रमाकडे बघून लोक म्हणतात, आपला देश कृतघ्न आहे. टाळ्या मिळतात त्या वाक्याला. मला ते पुरेसं वाटत नाही. कृतघ्न व्हायला आधी माहीत असावं लागतं. मला तर माहीतच नव्हतं, आणि मी पेपर काढत होतो!

मला वाटतं प्रश्न वहीचा आहे. हॉकीचं पदक हॉकी संघटनेच्या वहीत जातं, कुस्तीचं कुस्तीच्या. संघटना भांडखोर असो, भ्रष्ट असो, तिच्याकडे वही असते. कोण कधी कुठे किती सेकंदांत. त्या वहीतून वर्तमानपत्राचा क्रीडा संपादक उचलतो, त्यातून प्रश्नमंजूषेचं पुस्तक बनतं, आणि त्या पुस्तकातून माझ्यासारखा मास्तर पेपर काढतो. पेटकरांचं पदक कुठल्या वहीत जाणार होतं? जलतरण संघटनेच्या? ते म्हणणार, ही आमची स्पर्धा नव्हे. ऑलिंपिक संघटनेच्या? तिचा तर काही संबंधच नव्हता. सैन्याच्या? माणूस जखमी होऊन बाहेर पडलेला. समाजकल्याण खात्याच्या? तिथे लाभार्थी असतात, विक्रमवीर नसतात.

आणि महाराष्ट्रात अपंगांसाठी संस्था नव्हत्या असं नाही, उलट देशात सगळ्यात जुन्या आपल्याकडे. जखमी सैनिकांना हस्तोद्योग शिकवणारं क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ चं, पुण्यात खडकीला. पुण्याचंच कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, म्हणजे गुटमनचा विभाग निघाला त्याच वर्षीचं. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ चं, हायडेलबर्गनंतर दोन वर्षांनी. यातली प्रत्येक संस्था अवयव देत होती, निवारा देत होती, हाताला काम देत होती. पदकाची नोंद ठेवणं कुणाचंच काम नव्हतं. अपंगांच्या खेळासाठी राष्ट्रीय समिती १९९० च्या दशकात आली. मधली वीस वर्षं हे पदक कागदोपत्री कुणाचंच नव्हतं.

याचा पुरावा मागाल तर मधली स्पर्धांची यादी बघा. १९७६ टोरोंटो: भारत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सहभागावरून तिथे मोठा वाद झाला होता. १९८० ची स्पर्धा मॉस्कोने घेतलीच नाही, ती नेदरलँड्समध्ये आर्नहेमला झाली: भारत नाही. सुवर्णपदक जिंकलेला, जागतिक विक्रम केलेला देश पुढच्या दोन्ही स्पर्धांना गैरहजर. ज्याच्याकडे वही असती त्याने निदान विचारलं असतं की गेल्या वेळी एवढं केलं होतं, या वेळी काय?

१९८४ ला पाच जण गेले. ती स्पर्धा दोन ठिकाणी विभागली गेली, न्यूयॉर्क आणि स्टोक मँडव्हिल, कारण व्हीलचेअरचे खेळ घेणार असलेल्या अमेरिकेतल्या विद्यापीठाची पैशाची सोय झाली नाही. पाच जणांत चार पदकं आली. जोगिंदरसिंग बेदी यांनी गोळाफेकीत रौप्य आणि भाला नि थाळी यांत कांस्यं, अशी तीन. चौथं, भालाफेकीतलं रौप्य, भीमराव केसरकर यांचं. त्यांचा वर्ग होता एल ६. हा एल कशाचा? फ्रेंचमध्ये 'ले झोत्र', म्हणजे 'इतर'. कुठल्याच ठरलेल्या रकान्यात न बसणारे ते 'इतर'. आपल्याकडच्या अर्जांवर शेवटी असतो तोच रकाना.

हात वर करा, भीमराव केसरकर हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं असे किती? (थांबून) बरं. जवळजवळ सगळेच. पेटकरांवर सिनेमा आला म्हणून आज तुम्हाला पेटकर माहीत आहेत. केसरकरांवर आला नाही.

१९८८ ते २००० एकही पदक नाही. २००४ ला अथेन्समध्ये देवेंद्र झाझरिया, राजस्थानच्या चुरूचे, भालाफेकीत सुवर्ण. लहानपणी विजेच्या तारेचा धक्का बसून डावा हात गेलेला. म्हणजे १९७२ चा नियम असता तर त्यांना प्रवेशच नसता. आणि वर्ग काय करतात ते झाझरियांकडे बघून कळतं: २००८ आणि २०१२ ला त्यांचा भालाफेकीचा वर्ग स्पर्धेतच ठेवला नव्हता. जगज्जेता खेळाडू दोन स्पर्धा घरी बसून. २०१६ ला वर्ग परत आला, त्यांनी पुन्हा सुवर्ण जिंकलं. आज ते देशाच्या पॅरालिंपिक समितीचे अध्यक्ष आहेत.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंय, मी वेळ घेत नाही. टोकियोला १९ पदकं, पॅरिसला २९. पॅरिसच्या उद्घाटनात तिरंगा धरलेल्या दोघांत एक आपल्या नांदेडच्या भाग्यश्री जाधव. टोकियोत कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर नेमबाजीत चौथे, पदक अगदी हाताशी येऊन गेलं. आणि एक नाव मला मुद्दाम घ्यायचंय, सचिन खिलारी. आटपाडी तालुक्यातलं करगणी गाव. पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटर, रौप्य. पुरुष गोळाफेकीत भारताचं त्याआधीचं पदक बेदींचं, १९८४ चं. मध्ये ४० वर्षं. पेठ आणि करगणी, दोन्ही गावं सांगली जिल्ह्यातलीच. खिलारींच्या बातम्या आल्या तेव्हा १६.३२ हा आकडा त्याच रात्री सगळ्या जगाला दिसत होता, कारण आता वही आहे, ती इंटरनेटवर आहे. ३७.३३ हा आकडा मला सापडायला निवृत्त व्हावं लागलं.

शब्दांबद्दल कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. मी 'अपंग' म्हणतोय, जिथे त्या काळाबद्दल बोलतोय तिथे, कारण त्या काळच्या कागदांत तोच शब्द आहे. आज सरकारी शब्द 'दिव्यांग'. काहींना तो आवडतो, काहींना अजिबात नाही. मी ज्यांच्याशी बोलतो त्यांना विचारतो, तुम्हाला काय म्हणू? बहुतेक जण स्वतःचं नाव सांगतात.

आता त्या एका गुणाकडे येतो. मी प्रश्नपत्रिका पुन्हा आठवून पाहिली. प्रश्नात 'ऑलिंपिक' हा शब्द असता तर माझी फुली कायद्याने बरोबर होती. बिंद्रांचं श्रेय कमी करायचं काहीच कारण नाही, ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण त्यांचंच. पण माझ्या आठवणीप्रमाणे मी 'ऑलिंपिक' लिहिलंच नव्हतं. नुसतं 'पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक' लिहिलं होतं. तेव्हा चुकला तो प्रश्न. जागतिक, आशियाई, राष्ट्रकुल, कुठलीही स्पर्धा त्यात बसली असती. तरी पेटकर हे नाव निदान विचार करण्याजोगं होतं, आणि मी मुलाला सगळ्या वर्गासमोर गप्प बसवलं. पेपर रद्दीत गेले. तो मुलगा आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. इथे डोंबिवलीतच असेल कदाचित, किंवा अमेरिकेत, आपल्या मुलांचं दुसरं काय होतं!

शेवटी एक काम. १९६८ ला तेल अवीवला दहा जण गेले. त्यातल्या एकावर सिनेमा आहे. बाकीच्यांतले कुणी मुंबई-पुण्याकडचे असतील, कुणाचे नातेवाईक कल्याण-ठाण्यात येऊन राहिले असतील. या माणसांची नोंद सरकारात नसली तरी घरात असते: ट्रंकेत एखादा ब्लेझरचा बिल्ला, विमानाचं तिकीट, हिब्रू अक्षरं छापलेलं प्रमाणपत्र जे कुणाला वाचता येत नाही म्हणून ठेवून दिलेलं. व्हीलचेअरवर बसलेल्या दहाबारा जणांचा एखादा ग्रुप फोटो, मागे नावं नाहीत. आजोबांचे कुठलेतरी मित्र, म्हणून अल्बममध्ये राहिलेला. स्टोक मँडव्हिल, एडिंबरो, हायडेलबर्ग, आर्नहेम ही नावं कुठल्याही जुन्या कागदावर दिसली तर फेकू नका. घर बदलताना, रिडेव्हलपमेंटला इमारत जाताना सगळ्यात आधी हेच जातं.

फोटोचा फोनवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल, मूळ वस्तू मला नको. फोटोतल्या माणसाचं नाव कुणाला आठवत असेल तर ते आजच विचारून ठेवा, ज्यांना आठवतं ते ऐंशीच्या घरात आहेत. बाहेर चहाच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलंय. पहिल्या पानावर दोन नावं मी लिहिली आहेत, पेटकर आणि केसरकर. बाकी कोरी आहे. चहा घ्या, आणि प्रश्न असतील तर मी इथेच आहे.